मातीचा तट कसा पाहावा : ऑफाच्या बांधावर जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापूरच्या माणसाला तट म्हटले की पन्हाळा आठवतो. तीन दरवाजाचे कोरीव काम, अंबरखान्याच्या भिंतींची जाडी, कड्याच्या काठाकाठाने सात किलोमीटरहून अधिक धावणारी तटबंदी हे सारे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे जुने संरक्षक बांधकाम म्हणजे दगड, चुना, बुरूज आणि दरवाजा अशी आपली समजूत नकळत पक्की झालेली असते. ती समजूत घेऊन इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरचा ऑफाचा बांध पाहायला गेलेल्यांची बहुधा निराशा होते. नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आईवडील एखाद्या रविवारी गाडीने तिथे पोचतात, गवताने झाकलेला पुरुषभर उंचवटा आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या पाहतात, एक फोटो काढतात आणि "आमच्या शेताचा बांध याहून बरा आहे," असे म्हणून परततात.

हे वाक्य थट्टेचे असले तरी त्यातच या स्थळाकडे जाण्याची वाट आहे. ज्याने बांधावरून पेटलेली भाऊबंदकी जवळून पाहिली आहे, शेजाऱ्याने दरवर्षी नांगराच्या एका तासाने बांध कोरला तर वीस वर्षांत काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बाराशे वर्षांपूर्वीचा हा सीमाबांध इतर प्रवाशांपेक्षा लवकर कळायला हवा. फक्त त्यासाठी थोडा सराव लागतो, आणि तो सराव विमानात बसण्यापूर्वी करवीर तालुक्यातच करता येतो.

ओळख, आवश्यक तेवढीच

ऑफा हा मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याचा राजा होता आणि त्याची कारकीर्द इ. स. ७५७ ते ७९६ अशी झाली. त्या सुमारास आपल्याकडे राष्ट्रकूटांचा उदय झाला होता. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावावर आहे तो कृष्ण पहिला (सुमारे ७५६ ते ७७४) ऑफाचा समकालीन. एकीकडे डोंगर वरून खाली कोरत मंदिर काढले जात होते आणि त्याच पिढीत दुसरीकडे चर खोदून निघालेली माती रचत सीमा उभी केली जात होती, एवढे लक्षात ठेवले की काळाचा अंदाज पक्का बसतो.

बांधाचे नाव ऑफाशी जोडणारा सर्वांत जुना लेखी आधार ॲसर या वेल्श धर्मगुरूचा आहे. त्याने ८९३ मध्ये लिहिलेल्या आल्फ्रेड राजाच्या चरित्रात, ऑफाने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत मोठा तट घालायला लावला, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात आज बांध असा सलग सापडत नाही. पुरातत्त्वज्ञ सिरिल फॉक्स यांनी १९२५ पासून काही वर्षे चालून त्याची पहिली पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा सीमेच्या सुमारे २४० किलोमीटर अंतरापैकी १३० किलोमीटरच्या आसपास बांध त्यांना आढळला. पुढे डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी अनेक ठिकाणी उत्खनने करून असे मत मांडले, की खात्रीने ऑफाचा म्हणता येईल असा सलग बांध मधल्या सुमारे १०३ किलोमीटरचाच आहे. रचना मात्र साधी आहे: पूर्वेला मातीचा बांध, त्याला लागून पश्चिमेला म्हणजे वेल्सच्या बाजूला चर. जिथे तो चांगला टिकला आहे तिथे बांध आणि चर मिळून रुंदी २० मीटरपर्यंत आणि बांधाची उंची अडीच मीटरच्या आसपास भरते.

येथेच एका गोंधळाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यापायी अनेकांचा दिवस वाया जातो. 'ऑफाज डाइक पाथ' नावाची २८५ किलोमीटरची राष्ट्रीय पायवाट १९७१ मध्ये खुली झाली; ती दक्षिणेला चेपस्टोजवळच्या सेडबरीच्या कड्यांपासून उत्तरेला प्रेस्टॅटिनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते. पायवाटेला बांधाचे नाव असले तरी तिचा बराच मोठा भाग बांधापासून दूर, डोंगरधारांवरून जातो. केवळ पायवाटेची पाटी पाहून चालू लागणारा माणूस दिवसभर सुंदर डोंगर पाहील आणि बांध एकदाही पाहणार नाही.

आधी चर, मग बांध

इंग्रजीतील 'डाइक' आणि 'डिच' हे दोन शब्द मुळात एकाच जुन्या शब्दापासून आले आहेत, म्हणजे उंचवटा आणि खड्डा यांना त्या लोकांनी एकच नाव दिले होते. वेल्श भाषेतील 'क्लाउद' या शब्दाचीही तीच गत आहे. मराठीत आपण बांध आणि चर असे वेगळे शब्द वापरतो, त्यामुळे आपली नजर आपोआप उंच भागाकडे जाते आणि खोल भाग सुटतो. मातीच्या तटाच्या बाबतीत ही सवय उलटी करावी लागते. बांधाची माती शेजारच्या चरातूनच आलेली असते. चर कोणत्या बाजूला आहे यावरून समोरची बाजू कोणती मानली होती ते कळते. आणि बांध झिजून सपाट झाला तरी बुजलेल्या चरात ओलावा जास्त टिकत असल्यामुळे तिथले गवत अधिक हिरवे राहते व कोरड्या दिवसांत त्या हिरव्या पट्ट्यावरून चराची जागा ओळखता येते.

पहिला सराव स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात करावा. ऊस तुटून गेल्यानंतर, खोडवा वाढण्याआधी, बांधाच्या एका टोकाला उभे राहून त्याची आकृती कागदावर काढावी. दोन्ही उतार सारखे नसतात हे चटकन दिसेल. ज्या बाजूने नांगर किंवा ट्रॅक्टरचा फाळ बांधाला घासून जातो, ती बाजू उभी कापल्यासारखी असते आणि दुसरी बाजू सावकाश उतरते. ऑफाच्या बांधावरही हाच खेळ बाराशे वर्षे चालला आहे. सपाट प्रदेशात, विशेषतः माँटगोमेरीच्या आसपासच्या शेतजमिनीत, बांधाचा एखादा पाय उभा तुटलेला दिसला तर तो मूळ रचनेचा भाग समजू नये. तिथे आधी नांगराचा संशय घ्यावा.

दुसरा सराव डोंगरउतारावर. पाणी अडवण्यासाठी खोदलेले सलग समतल चर कोल्हापूरच्या आसपासच्या कितीतरी टेकड्यांवर आहेत. नुकताच खोदलेला चर आणि दहा-बारा पावसाळे खाल्लेला चर असे दोन शोधून शेजारी शेजारी त्यांची आकृती काढावी. नव्या चराच्या कडा धारदार आणि तळ अरुंद असतो. जुन्याच्या कडा ढासळून तळाशी गाळ बसलेला असतो आणि त्याची खोली निम्म्यावर आलेली असते. दहा पावसाळ्यांत एवढे होत असेल तर बाराशे वर्षांत मूळ खोल चराची उथळ परात झाली तर नवल नाही, आणि आज अडीच मीटर दिसणारा बांध बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर याहून बराच उंच आणि उभा होता, हे कोणी सांगितल्याशिवाय पटते.

या दुसऱ्या सरावातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे आणि माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातील तीच सर्वांत उपयोगी आहे. समतल चर खोदताना निघालेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकतात, म्हणजे वरून येणारे पाणी चरात थांबते आणि खालची वरंबी ते अडवते. ऑफाचा बांध अनेक ठिकाणी पश्चिमेकडे उतरणाऱ्या डोंगरकुशीवरून जातो आणि चर पश्चिमेला आहे. याचा अर्थ तिथे चर उताराच्या खालच्या अंगाला आणि बांध वरच्या अंगाला आहे. पाणी अडवायला ही रचना काही कामाची नाही. खालून चढत येणाऱ्या माणसाला किंवा हाकत नेल्या जाणाऱ्या गुरांना मात्र आधी चरात उतरावे लागते आणि मग चराची खोली अधिक बांधाची उंची एवढे चढावे लागते. शिवाय वर उभ्या असलेल्याला ते दुरून दिसत राहतात. आपल्याकडची वरंबी पाण्याकडे तोंड करून असते, ही माणसांकडे तोंड करून आहे. तिथे गेल्यावर कोणत्याही ठिकाणी प्रथम एवढेच विचारावे: उतार कोणत्या दिशेला, चर कोणत्या अंगाला? काही ठिकाणी चर पूर्वेलाही आढळतो, काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी माती काढलेली दिसते. अशा जागा वहीत आवर्जून नोंदवाव्यात.

छेद काढणे

पाहून झाले की मोजावे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, पंचवीस मीटरची टेप, दोन मीटरची खुणा केलेली काठी आणि आलेखाचा कागद पुरेसा होतो. बांधाला काटकोनात टेप आडवी ताणायची, दर अर्ध्या मीटरवर काठी उभी धरून टेपपासून जमिनीपर्यंतचे अंतर वाचायचे आणि टेपची दोन्ही टोके एकाच पातळीत आहेत ना हे नळीने तपासायचे. उतार फार असेल तर टेप पायऱ्यापायऱ्यांनी खाली घ्यावी लागते. त्या वेळी प्रत्येक पायरीला किती खाली आलो हे लिहिले नाही तर नंतर सगळा छेद फुकट जातो. १:१०० या प्रमाणात काढल्यास २० मीटरची रुंदी कागदावर २० सेंटिमीटर होते आणि एका आलेख-कागदावर नीट मावते. उंचीसाठीही तेच प्रमाण ठेवावे. उंची वाढवून काढलेला छेद रुबाबदार दिसतो, पण तो खोटे सांगतो.

हा सराव शेताच्या बांधावरच करावा, पन्हाळ्यावर नको. संरक्षित स्मारकावर खुंट्या ठोकता येत नाहीत. ब्रिटनमध्येही टेपची टोके दोघांनी हातात धरायची आहेत, जमिनीत काही रोवायचे नाही.

छेद हातात आला की एक हिशेब करून पाहावा. समजा चर वरच्या तोंडाला ४ मीटर रुंद, २ मीटर खोल आणि त्रिकोणी आहे. त्याचा छेद ४ चौरस मीटर, म्हणून एक मीटर लांबीत ४ घनमीटर माती निघाली. आपल्याकडे माती ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. म्हणजे मीटरमागे दीड ब्रासला थोडी कमी माती झाली. हाच आकार १०३ किलोमीटर चालवला तर आकडा १ लाख ४५ हजार ब्रासच्या पुढे जातो. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर तेवढ्या ट्रॉल्या, आणि त्यांच्याकडे ट्रॉली नव्हती. धरलेली मापे सरावाची आहेत, त्यामुळे हा आकडा कुठे प्रमाण म्हणून देऊ नये. परंतु एवढी माती हलवायला माणसे कोठून आली हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो. मर्सियात ७४९ सालच्या एका सनदेनुसार, धर्मसंस्थांना इतर करांतून सूट मिळाली तरी पूल बांधण्याच्या आणि तटबंदीच्या कामातून सुटका नव्हती. आपल्याकडची वेठ ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

गावातल्या दोन जागा

निघण्यापूर्वी ब्रह्मपुरीला एक फेरी मारावी. पंचगंगेकाठची ही टेकडी तट नाही, आणि म्हणूनच ती पाहायची. येथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले व सातवाहन काळापर्यंत मागे जाणारी वस्ती उजेडात आणली. पिढ्यान् पिढ्या घरे पडत गेली, राख, खापरे आणि पांढरी माती साचत गेली आणि तिची टेकडी झाली. अशी पांढर आणि मुद्दाम रचलेला तट यांतला फरक डोळ्यांना पटला पाहिजे: पांढरीची टेकडी चहूबाजूंनी पसरते, तिला लागून तिच्याएवढा चर नसतो आणि जिथे ती कापली गेली आहे तिथे खापरांचे थर दिसतात, तट एका रेषेत जातो आणि त्याच्या पायाशी त्याचा चर असतो. ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. तिकडे गेलेच तर तीही पाहून घ्यावी.

दुसरी जागा अर्थातच पन्हाळा, मात्र या खेपेस दगडाकडे पाहायचे नाही. शिलाहार राजा भोज दुसरा (११७८ ते १२०९) याच्या नावाशी हा किल्ला जोडला जातो. गडाच्या काठाने चालताना तट कोठे कड्याला चिकटतो, कोठे कडा पुरेसा उभा असल्याने तटाचे काम हलके होते आणि कोठे उतार सोपा असल्यामुळे बांधकाम भक्कम होते, एवढेच टिपावे. रेषा कोणी आणि का निवडली, हा प्रश्न दगडाला आणि मातीला सारखाच लागू आहे. ऑफाच्या बांधाने बटिंग्टनजवळ सेव्हर्न नदी गाठल्यावर पुढे काही अंतर नदीच सीमेचे काम करते, बांध नाही. पन्हाळ्याच्या कड्याने जे केले तेच तिथे नदीने केले.

कोठे जावे, केव्हा जावे

एकच दिवस असेल तर नायटन. वेल्श भाषेत या गावाचे नाव 'त्रेव-अ-क्लाउद' म्हणजे बांधावरचे गाव असे आहे. श्रूजबरीहून रेल्वेने तिथे थेट जाता येते, पण या मार्गावर दिवसाकाठी मोजक्याच गाड्या असतात, म्हणून परतीची गाडी आधी पाहून मगच निघावे. गंमत अशी की गाव वेल्समध्ये आणि त्याचे रेल्वे स्थानक टेम नदीपलीकडे इंग्लंडमध्ये आहे. गाडीतून उतरून गावात चालत गेले की सीमा ओलांडली जाते. गावातील ऑफाज डाइक केंद्रात आराखडे आणि माहिती मिळते व बांधाचा एक तुकडा केंद्राच्या मागेच आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तो पाहून समाधान मानले तरी चालेल.

चालण्याची तयारी असेल त्यांनी नायटनच्या उत्तरेला लॅनफेअर हिल गाठावी. येथे बांध सुमारे ४३० मीटर उंचीवर पोचतो, ही त्याची सर्वांत उंच जागा, आणि तो टिकलाही उत्तम आहे, कारण इतक्या उंचावर नांगर फारसा पोचला नाही. दक्षिणेला टिंटर्नच्या वर, वाय नदीच्या खोऱ्याच्या काठाने गेलेला भाग झाडीत आहे. तिथे आकृती स्पष्ट दिसत नाही, परंतु खाली नदी आणि वर तट ही जागेची निवड लगेच पटते. उत्तरेकडे चर्क किल्ल्याच्या उद्यानात बांधाचा काही भाग नंतर केलेल्या तळ्याखाली गेला आहे.

ऋतू निवडताना आपल्या सवयीने मे-जून निवडू नये. त्या दिवसांत नेचे आणि गवत वाढून चर झाकला जातो, जसा श्रावणात पन्हाळ्याचा तट गवतात बुडतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ पाहण्यासाठी चांगला, चालण्यासाठी वाईट. सूर्य दिवसभर आकाशात खाली असतो, त्यामुळे हातभर उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि जे दुपारच्या उन्हात सपाट दिसते ते उठून येते. दिवस मात्र लहान असतो. डिसेंबरात चार वाजता अंधारून येते. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीस सकाळी लवकर जावे. बूट घोट्यापर्यंत येणारे आणि चिखलात न घसरणारे हवेत. चप्पल, मग ती कितीही अस्सल कोल्हापुरी असो, या कामाची नाही.

नकाशासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे १:२५,००० प्रमाणातले पत्रक घ्यावे. त्यावर प्राचीन अवशेषांची नावे वेगळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात आणि बांध छोट्या रेघोट्यांनी दाखवलेला असतो. रेघोटीचे जाड टोक उताराच्या वरच्या बाजूला असते. हिरव्या तुटक रेषेतील पायवाट आणि ती रेघोट्यांची ओळ या दोन्ही कोठे एकत्र येतात आणि कोठे वेगळ्या होतात, हे आदल्या रात्री घरी बसून पेन्सिलीने नोंदवले की दुसऱ्या दिवशीची अर्धी मेहनत वाचते. इंग्लंडच्या बऱ्याच भागाची, विमानातून लेसरने मोजलेल्या उंचसखलपणाची चित्रे सरकारने मोफत खुली केली आहेत. त्यांत झाडीखालचा बांधही दिसतो. ती जरूर पाहावीत.

प्रत्यक्ष जागेवर

पोचल्याबरोबर बांधावर चढू नये. प्रथम पश्चिमेच्या बाजूला, शक्य असेल तितके खाली उतरून, येणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहावे आणि वर पाहावे. मग पायवाट जिथे बांध ओलांडते तिथून पलीकडे जाऊन पश्चिमेकडे नजर टाकावी. किती दूरपर्यंत दिसते? कोणती दरी उघडी पडते, कोणती झाकली जाते? अनेक ठिकाणी असे आढळते की बांध शिखरावरून न नेता पश्चिम उतारावर थोडा खाली नेला आहे, कारण शिखरावरून पायथ्याची दरी दिसत नाही आणि कुशीवरून दिसते. ही निवड ज्याने केली तो माणूस जमीन पायाखाली घालून गेलेला होता.

त्यानंतर बांधाच्या रेषेत उभे राहून लांबवर पाहावे. सरळ धावणारा बांध एखाद्या ठिकाणी किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. अशा वळणावर उंची, रुंदी किंवा चराचा आकार बदलतो का ते तपासावे. वेगवेगळ्या टोळ्यांनी वेगवेगळे तुकडे केले असावेत, असे मानणारे अभ्यासक अशाच खुणांकडे बोट दाखवतात.

बांधात पडलेली प्रत्येक फट ही जुनी वेस नसते. गंगावेस, रविवार वेस ही नावे उच्चारत वाढलेल्या आपल्याला तटात वाट दिसली की वेस आठवते, हे स्वाभाविक आहे. परंतु येथील बहुतेक फटी नंतरच्या शेतवाटा, रस्ते आणि ओढ्यांनी पाडलेल्या आहेत. फटीसमोर चर सलग बुजलेला आहे की मूळातच खोदलेला नव्हता, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर उत्खननाशिवाय मिळत नाही. वहीत 'फट' एवढेच लिहावे.

नियम

आपल्याकडे १९५८ च्या केंद्रीय कायद्याने आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आहे. पन्हाळ्यावर घर असलेल्यांना हे आकडे पाठ आहेत. इंग्लंडमध्ये १९७९ च्या आणि वेल्समध्ये २०२४ पासून लागू असलेल्या २०२३ च्या कायद्यानुसार स्मारक अनुसूचित केले जाते आणि त्याची हद्द नकाशावर आखलेली असते. त्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणे, भर टाकणे, काही उभारणे हा गुन्हा आहे. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणेही गुन्हा आहे. ऑफाच्या बांधाचा मोठा भाग असा अनुसूचित आहे, सगळा नाही. इंग्लंडच्या बाजूला हिस्टॉरिक इंग्लंड आणि वेल्सच्या बाजूला कॅडू या संस्था त्याकडे पाहतात.

कायदा असूनही काय होऊ शकते याचे उदाहरण २०१३ मध्ये चर्कजवळ घडले. सुमारे ४५ मीटर बांध यंत्राने सपाट करण्यात आला. संरक्षित स्मारक आहे हे माहीतच नव्हते, असा बचाव त्या काळच्या कायद्यात चालत असे आणि खटला उभा राहिला नाही. २०१६ मध्ये वेल्ससाठी झालेल्या कायद्याने अशा बचावाची वाट अरुंद केली. दगडी बुरूज पाडताना कोणीतरी हटकते. मातीचा उंचवटा सपाट करणाऱ्याला बघणारा म्हणतो, जमीन नीट करतो आहे.

एवढे ठळक नुकसान क्वचितच होते. रोजचे नुकसान चालणाऱ्यांच्या पायांनी होते. बांधाच्या माथ्यावरून सतत चालले की गवत मरते, मधोमध घळ पडते, पाऊस त्या घळीतून वाहतो आणि पाणंदीसारखी ती खोल होत जाते. म्हणून जिथे पायवाट बांधाच्या बाजूने नेली आहे तिथे बाजूनेच चालावे, ओकच्या फळाची खूण असलेल्या खांबांमागून जावे आणि जवळची वाट म्हणून उतारावरून घसरत उतरू नये. मेंढ्या, ससे आणि वादळात मुळांसकट उपटणारी झाडे हीही कारणे आहेत. बिजू म्हणजे बॅजर बांधात बिळे करतो आणि त्या प्राण्याला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे संरक्षित स्मारक पोखरणाऱ्या संरक्षित प्राण्याचे काय करायचे, हा तिथल्या अधिकाऱ्यांपुढचा खराखुरा पेच आहे.

बहुतेक जमीन खाजगी शेतकऱ्यांची असते. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे, उघडे होते तर उघडे, बंद होते तर बंद. खापर, धातूचा तुकडा किंवा नाणे दिसले तर उचलू नये. जागेचा फोटो काढावा, शेजारी काठी ठेवून माप दाखवावे आणि नायटनच्या केंद्रात कळवावे. हीच शिस्त गावाकडेही लागू आहे: जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने आपल्यावर आहे.

नाव ऑफाचे, पण काळ कोणाचा?

शेवटी नोंदी लिहिताना एक काळजी घ्यावी. 'ऑफाने बांधला' असे सरळ लिहू नये. चर्क परिसरातील उत्खननात बांधातील मातीचे जे नमुने तपासले गेले, त्यांची किरणोत्सारी कार्बन पद्धतीने आलेली वर्षे सुमारे ४३० ते ६५२ अशी होती, आणि २०१४ मध्ये ती जाहीर झाल्यावर बांध ऑफापूर्वीचा ठरला अशा बातम्या झळकल्या. या आकड्याचा अर्थ लावताना शेताचाच दाखला घ्यावा. यंदा घातलेल्या बांधात आजोबांच्या काळातले खापर सापडले म्हणून तो बांध आजोबांनी घातला असे होत नाही. बांध त्या खापराच्या नंतरचा आहे, एवढेच सिद्ध होते. आत सापडलेले सेंद्रिय द्रव्य बांधापेक्षा जुने असू शकते. त्यामुळे काही तुकडे आधीच्या राजांनी घातले असतील आणि ऑफाने ते जोडून वाढवले असेल, ही शक्यता खुली राहते. बांधाला जवळपास समांतर जाणारा सुमारे ६४ किलोमीटरचा वॅट्स डाइकही असाच वादात आहे. ऑस्वेस्ट्रीजवळच्या एका नमुन्याने त्याला पाचव्या-सहाव्या शतकात नेले, तर गोबोवेनजवळच्या तपासणीने त्याला नवव्या शतकाच्या आसपास आणून बसवले.

ज्यांना तुलनेसाठी आणखी एक सीमातट पाहायचा असेल त्यांनी जर्मनीच्या उत्तर टोकावरचा डानेविर्क लक्षात ठेवावा. ८०८ सालच्या नोंदीत डेन राजा गॉडफ्रेडचा संबंध त्याच्याशी जोडलेला आहे, पण त्यातील लाकडाच्या वलयांवरून ७३७ च्या सुमाराचे बांधकाम आधीच सिद्ध झाले आहे. म्हणजे तिथेही नावावरचा राजा आणि मातीतला काळ जुळत नाहीत. हेडेबी या जुन्या व्यापारी गावासह त्याला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि पन्हाळ्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तो २०२५ मध्ये मिळाला.

वहीच्या प्रत्येक पानावर म्हणून चार गोष्टी असाव्यात: जागेचे नाव व नकाशावरील क्रमांक, उताराची दिशा, चराची बाजू, आणि १:१०० चा छेद. बांधणाऱ्याच्या नावासाठी कोपऱ्यात जागा कोरी सोडावी.